देवाचं नाव न घेता

त्या उन्हाळ्यात मी एकाच टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसले. एका बाजूला रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीची सभासद म्हणून आणि दुसऱ्या बाजूला रुग्णाची बहीण म्हणून. मधे पाण्याच्या बाटल्या होत्या आणि खिडकीतून पडलेलं ऊन. तेवढं अंतर ओलांडायला मला जो वेळ लागला तो अजून पुरता संपलेला नाही असं वाटतं. आजही दुपारी डोळा लागला की मी त्या खोलीत असते, सगळे आपापल्या जागी बसलेले असतात, आणि मला कुठली खुर्ची घ्यायची ते आठवत नाही.

कमिटीवर मी सामान्य नागरिक म्हणून होते. नियमच आहे तसा. डॉक्टर हवेत, वकील हवा, समाजात काम करणारं कुणी हवं, आणि ज्याला यातलं काहीच कळत नाही असंही एक माणूस हवं. ते माणूस मी. माझी सगळी नोकरी धातूंच्या चाचण्यांत गेली. सरकारी प्रयोगशाळेत धातूच्या पट्ट्या ताणायच्या, वाकवायच्या, तापवायच्या आणि कितीला तुटतात ते पाहायचं. निवृत्त झाल्यावर इथं बंगळुरात, बनशंकरीतल्या माझ्या शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, येता का आमच्या कमिटीवर? म्हटलं, घरी बसून शब्दकोडी सोडवण्यापेक्षा बरं. माझा स्वभाव तिखट आहे हे त्यांना माहीत होतं. बहुधा म्हणूनच विचारलं असावं.

धर्म नाहीतर तत्त्वज्ञान जाणणारंही एक माणूस नियमाला लागतं. ते म्हणजे फादर. मूळचे मंगळूरकडचे, घरची भाषा कोंकणी, तरुणपणी पुण्यात राहून धर्मशास्त्र शिकलेले. त्यामुळे त्यांचं मराठी अर्धं पेठेतलं आणि अर्धं समुद्राकाठचं होतं. पाद्री तयार होतात त्या शाळेत त्यांनी आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलं होतं. बाराही महिने अंगात हातानं विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर. बंगळुरात तो कुणाला खटकतही नाही.

आमचे अध्यक्ष निवृत्त मेंदूचे सर्जन. देवावर त्यांचा राग नव्हता. त्यांच्या मते राग धरण्याइतकं तिथं कुणी नव्हतंच. पहिल्याच बैठकीत त्यांनी मला नियम सांगितला. या खोलीत देव आणायचा नाही. जे म्हणायचं ते कुठल्याही धर्माच्या, आणि धर्म नसलेल्याही, माणसाला कळेल अशा शब्दांत म्हणायचं. आणि ज्याच्या तोंडून देवाचं नाव निघेल त्यानं पुढच्या बैठकीला सगळ्यांसाठी कोडबळी आणायची. ही कुरकुरीत गोल कडी म्हणजे आमचा दंड. सगळ्यात जास्त दंड खुद्द अध्यक्षांनाच बसायचा. जाडजूड फाइल समोर आली की ते "अय्यो देवरे!" म्हणत आणि आम्ही सगळे एकदम त्यांच्याकडे बघत असू. फादर मात्र एकदाही सापडले नाहीत.

मी त्यांना चिडवायची. म्हणायची, "फादर, देवाचा माणूस तुम्ही, आणि इथं एकदाही त्याचं नाव नाही?"

ते म्हणत, "मी इथं पाहुणा आहे बाई. पाहुण्यानं चप्पल दाराबाहेर काढावी."

"चप्पल काढली तरी पाय तुमचेच ना?"

"ते कुठं काढून ठेवू, तुम्हीच सांगा," असं म्हणून ते हसत.

बैठका दुपारी असायच्या, वरच्या मजल्यावर. खिडकीबाहेर पर्जन्यवृक्षाचा शेंडा, त्याच्याही पलीकडे येलहंक्याच्या तळावरून उठणारी शिकाऊ विमानं. त्यांचा आवाज आला की बोलणारा थांबायचा. विमान ढगात विरघळून जाईपर्यंत आम्ही सगळे गप्प बसत असू, आणि मग कुणीतरी मरणाचा धागा पुन्हा हातात घ्यायचं. मी जेवून, बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकावरून आलेली असायची. डोळ्यांवर झापड असायची. तशा अर्धवट जागेपणात मी जे शब्द ऐकले ते माझ्या आत फार खोल गेले.

त्यातला एक शब्द ओझं. उपचार म्हणजे नुसतं औषध नव्हे, ते एक ओझंही असतं. त्यातून होणारा लाभ आणि रुग्णावर पडणारा भार यांचं प्रमाण बघायचं. भार लाभाच्या फार पुढे गेला तर तो उपचार घ्यायला माणूस बांधलेला नाही, आणि तो थांबवणं म्हणजे मारणं नव्हे. हे मला लगेच पटलं. माझी सगळी नोकरी भार मोजण्यातच गेली होती. दुसरी गोष्ट वेदनेची. वेदना थांबवायला दिलेल्या मॉर्फिननं आयुष्य थोडं आखडलं, तरी हेतू वेदना थांबवण्याचाच असेल तर ते औषध देणं रास्त आहे. वकील हे म्हणत, डॉक्टर म्हणत, मीही म्हणायला लागले. भिशीतल्या बायकांनासुद्धा ऐकवलं. मला वाटे, बघा, विज्ञान आणि कायदा मिळून किती स्वच्छ विचार करतात, कुठं सोवळं नाही, ओवळं नाही.

एकदा बैठक संपल्यावर मी फादरना हेच म्हटलं. ते स्वेटरची गुंडी चाळवत उभे राहिले. मग जरा संकोचानंच म्हणाले, "हे दोन्ही आमच्याकडचं आहे. आमच्या जुन्या धर्मपंडितांनी शेकडो वर्षं वाद घालून बसवलंय. आजाऱ्यानं कुठवर औषध घ्यावं, किती सोसावं, देवानं दिलेला जीव सांभाळायचा म्हणजे नेमकं काय करायचं. वरचा देव काढून घेतला, बाकीचं तसंच राहिलं."

मी चिडले, खरंच चिडले. इतके दिवस निधर्मी समजून जे तोंडात घोळवलं ते चर्चच्या गाभ्यातलं निघालं, म्हणजे मला कुणी काही सांगायचं की नाही? आणि मग आमचं काय? आमच्याकडे प्रायोपवेशन आहे, वयोवृद्धांनी अन्न सोडून शांतपणे जाण्याची वाट आहे, ते या टेबलावर कधी कुणी का आणलं नाही?

"तुम्ही आणा ना," फादर म्हणाले. "सांगा मला, बसा इथं." आणि खरोखरच जिन्याशेजारच्या बाकावर बसून त्यांनी ते माझ्याकडून काढून घेतलं. मला माहिती ती किती, ऐकीव. पण ते असे ऐकत होते की मी मनातल्या मनात आणखी चिडले, कारण भांडायला त्यांनी जागाच ठेवली नाही. परतीच्या बसमध्ये मला झोप लागली आणि स्वप्नात कुणी सफेद झगेवाले आणि कुणी शेंडीवाले एकाच पंगतीला बसून एकमेकांना वाढत होते. जागी झाले तर बस बनशंकरीच्या पुढे गेली होती.

हे सगळं दादाच्या आधीचं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. विमानांच्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर होता, त्याच्याच मागोमाग मी सातारा सोडून या शहरात आले. निवृत्तीनंतर त्यानं येलहंक्यात घर बांधलं ते केवळ विमानांसाठी. गच्चीवर खाट टाकून डोळे मिटून पडायचा आणि आवाजावरून कुठलं विमान ते सांगायचा. मग त्याची फुप्फुसं हळूहळू कडक होत गेली. आधी जिना चढताना दम लागे, मग बोलताना, मग नुसतं बसल्याबसल्या. एकदा आम्ही तिघं, तो, वहिनी आणि मी, जेवत होतो आणि तो म्हणाला, "मला यंत्राला बांधून ठेवू नका हं. आयुष्यभर यंत्रांबरोबरच राहिलो, आता पुरे." वहिनीनं त्याच्या पानात आमटी वाढली आणि म्हटलं, "जेवताना काय बोलावं याचं भान नाही." विषय तिथंच थांबला.

फेब्रुवारीत त्याला छातीचा संसर्ग झाला. ज्या रुग्णालयात मी कमिटीवर होते तेच जवळचं, तिथंच नेलं. धावपळीत श्वासाचं यंत्र लावलं गेलं, त्यात चूक कुणाची नव्हती. पण ते निघेना. पुढे गळ्याला भोक पाडून नळी आली, मूत्रपिंडं थकली, आणि दादा कुठंतरी आत निघून गेला. हाक मारली तर पापणीही हलत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं की हे आता फिरणार नाही. कायद्यानं लागतात त्या दोन्ही डॉक्टरमंडळांनी तपासून तेच लिहिलं. यंत्र काढायचं का, ते घरच्यांनी सांगायचं. घरचे म्हणजे वहिनी. भाची कॅनडात, तिचे दिवस भरत आलेले, विमानात बसायची परवानगी नव्हती. ती फोनवर रडत म्हणाली, "आई, तू म्हणशील ते."

आई काहीच म्हणेना.

बाहेर रस्त्याकडेची झाडं गुलाबी फुलांनी नुसती लहडली होती. फुलं गळून फुटपाथवर गालिचा पडलेला, त्यावरून भाजीची गाडी जायची आणि मागे दोन रेघा उमटायच्या. मी तेव्हा वहिनीकडेच राहत होते, आम्ही दोघी रोज त्यावरून चालत रुग्णालयात जात होतो. आत गेलं की यंत्राचा आवाज. भरणं, सोडणं, भरणं, सोडणं. काही वेळानं आपलाही श्वास त्याच तालावर चालायला लागतो. मला कितीदा वाटलं की दादा झोपलेला नाही, झोपलेले आम्ही आहोत आणि तो आमच्या जागं होण्याची वाट बघतोय. नर्स येऊन म्हणायची, "अम्मा, स्वल्प कूतकोळ्ळी," जरा बसा म्हणून, आणि वहिनी उभीच राहायची. त्याच्या तळव्यांना खोबरेल तेल लावत राहायची.

मी तिला समजावलं. माझ्याकडे शब्द तयारच होते. ओझं, लाभ, प्रमाण. हे मारणं नाही, फक्त थांबणं आहे. दादा स्वतः म्हणाला होता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वन्सं, ही तुमची मीटिंग नाही."

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. पण ती रागानं बोलली नव्हती. जरा वेळानं तीच म्हणाली, "धडधाकट असताना माणूस काय वाटेल ते बोलतो. उद्या मी हो म्हटलं, तर ते माझ्या हो-नं जातील. तिकडे लेकीला बाळ येतंय. असं काही हातून करून त्या बाळाला कसं उचलू मी? त्याला काही झालं तर?"

तुटण्याआधी धातू गरम होतो हे मला माहीत होतं, माणसाचं काय होतं ते माहीत नव्हतं.

असं अडलं की प्रकरण कमिटीपुढे येतं. माझा भाऊ असल्यामुळे मला कमिटीतून बाजूला व्हावं लागलं. ती दुपार मला पाण्याखालून पाहिल्यासारखी आठवते. तीच खोली, तीच माणसं, आणि मी नातेवाइकांच्या खुर्चीत वहिनीशेजारी. या खुर्चीतून आम्ही कमिटीवाले एवढे उंच दिसत असू याची मला कल्पना नव्हती. कमिटीवरच्या वकिलीणबाई, ज्यांच्याशी मी कोडबळ्यांवरून भांडले होते, त्या मला फार लांबच्या वाटल्या. अध्यक्ष बोलले ते मात्र मनापासून. त्यांनी हिंदीत, अगदी सावकाश, दादाच्या शरीरात काय चाललंय ते सांगितलं. यंत्र ठेवायचं म्हटलं तरी कमिटी सोबत राहील, काढायचं म्हटलं तरी राहील, घाई नाही, असंही सांगितलं. मला त्यांचा अभिमान वाटला. पण वहिनीच्या चेहऱ्यावर एक रेषही हलली नाही.

ते थांबल्यावर तिनं फादरकडे पाहिलं. मघाशी दारात त्यांनी तिला मराठीत बसा म्हटलं होतं, तेवढ्यावरून. "फादर, हे पाप आहे का?"

पाप हा शब्द अध्यक्षांना कुणी भाषांतर करून सांगायची गरज पडली नाही.

फादरनी नेहमीसारखी सुरुवात केली. "ताई, ज्या उपचाराचं ओझं..."

"ते वन्संनी सांगितलं. मी विचारते, पाप आहे का?"

मला वाटलं आता अध्यक्ष मधे पडतील, तो त्यांचा हक्क होता. त्यांनी मान वळवली आणि खिडकीबाहेर बघत बसले. फादरनी आपली खुर्ची थोडी पुढे ओढली.

"मी माझ्या देवासमोर उभा राहून सांगतो," ते म्हणाले, "मला हे पाप वाटत नाही. पण मी माणूस आहे, माझं चुकेल. चुकलं आणि ते पाप निघालं, तर ते माझं. तुम्ही म्हणा फादरनं सांगितलं म्हणून केलं. तुमच्यापर्यंत नाही यायचं ते, त्या बाळापर्यंत तर नाहीच. दुसऱ्याचं आपल्या खांद्यावर घ्यायचं, हेच आमच्या धर्माचं मूळ आहे. इतकी वर्षं या खोलीत मी त्याच्या आजूबाजूचं सगळं बोललो, हे तेवढं बोललो नाही."

एक विमान डोक्यावरून गेलं, आणि कधी नव्हे ते त्या वेळी खोलीतली शांतता त्याच्यासाठी नव्हती. त्या देवाच्या नावाला दंड लावायचं पुढेही कुणाला सुचलं नाही.

वहिनी त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. रुग्णालयात आल्यापासून तिनं कुणाकडे असं पाहिलं नव्हतं. पांढरे विरळ केस, झिजलेला स्वेटर, मनगटावर सैल झालेलं घड्याळ.

"तुमचं लग्न?" तिनं विचारलं.

"नाही ताई. आम्ही करत नाही."

"म्हणजे मूलबाळ नाही."

"नाही."

"मग हे असं घेत सुटलात तर तुमचं कोण बघणार?"

फादर गोंधळले. म्हणाले, "तो आहे ना."

"तो काय, सगळ्यांनाच आहे. घरचं कोण आहे?"

त्या विद्वान माणसानं नुसते हात पसरले. वहिनीनं पदर सावरला, पाठ ताठ केली, आणि ज्या आवाजात ती दूधवाल्याला हिशेब चुकलाय म्हणून सांगते त्या आवाजात म्हणाली, "राहू दे. मागं कुणी नसलेल्या माणसाच्या डोक्यावर मी माझ्या नवऱ्याचं घालणार नाही. माझं मी बघते." मग अध्यक्षांकडे वळून तिच्या मोडक्या हिंदीत, "कल सुबह कीजिए. त्यांना अंधारात निघायला आवडत नाही."

शेवटचं वाक्य मराठीत आलं. अध्यक्षांनी मान डोलावली. त्यांना ते कळलं असावं.

वहिनी दादाकडे गेली आणि मी जिन्याशेजारच्या त्या बाकावर जाऊन रडले. फादर येऊन शेजारी बसले. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांचे पायही धरावेसे वाटत होते. मी विचारलं, "तुम्ही ते तिला धीर यावा म्हणून म्हणालात ना?"

"नाही. मी ते खरंच घेणार होतो." त्यांनी दोन्ही हात स्वेटरमध्ये दडवले. "आणि खरं सांगू बाई? ती खरंच घ्या म्हणेल की काय म्हणून घाबरलो होतो."

इतकी वर्षं मी त्यांना पोथीतला माणूस समजत होते. त्या क्षणी पहिल्यांदा मला कळलं की ते जे शब्द आमच्या टेबलावर सोलून, पुसून, कुणालाही टोचणार नाहीत असे आणून ठेवत, ते त्यांच्याकडे घरी अखंड, सालासकट होते. त्यांचं ते भीतीचं बोलणं ऐकल्यावर माझं रडणं थांबलं.

सकाळी खिडकीचा पडदा वहिनीनं स्वतः बाजूला केला. उन्हाची तिरीप दादाच्या चादरीवर पडली. फादर बाहेर व्हरांड्यात थांबले, आत येऊ का असं त्यांनी विचारलंही नाही. कॅनडातून भाची फोनच्या पडद्यावर होती, पोटावर हात ठेवून. डॉक्टरांनी आधी मॉर्फिन दिलं आणि दादाला धाप लागू नये म्हणून देतोय, असं आम्हाला सांगितलं. मग यंत्र बंद केलं. इतके दिवस चाललेला तो आवाज थांबला तेव्हा मला एकदम बहिरं झाल्यासारखं वाटलं. हळूहळू ऐकू यायला लागलं, चिमण्यांचं, कुणाच्या तरी चहाच्या ट्रॉलीचं, आणि दादाचं. तो आपला आपण श्वास घेत होता. लहान, विलग, मधे थांबून थांबून.

वहिनी त्याच्या उशाशी वाकली. तिनं त्याच्या कानाशी तोंड नेलं, आणि खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्पष्ट आवाजात म्हणाली, "मी सांगितलंय त्यांना. दुसऱ्या कुणी नाही, मीच सांगितलंय. तुम्ही निघा."

मग तिनं त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले, आणि आम्ही त्याच्याजवळ बसून राहिलो.